मधल्या खांबाचं लाकूड

बायको गेली तेव्हाही तिला हे ठाऊक नव्हतं. मुलांना तर नाहीच. एकदा गंगेवर एका गुरुजींसमोर बोलायचं ठरवून गेलो होतो — घाटाच्या पायऱ्या उतरलो, पाय धुतले आणि परत आलो. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक जमतंय.

मी मोटारींचं बॉडीचं काम करायचो, नाशकात. लोक मला चांगला मिस्त्री म्हणायचे. दार बसवावं तर अनंतानं, असं म्हणायचे. हे ऐकताना माझी मान खाली जायची आणि लोकांना तो विनय वाटायचा.

गोष्ट चौतीस-पस्तीस सालच्या सुमाराची. मी तिशीच्या आतला होतो. आमच्या कारखान्यात एका वकीलसाहेबांची मोटार आली. जुनी अमेरिकन गाडी, कापडी टपाची, तेव्हाही दहा वर्षांची असेल. रस्त्यात बैलगाडीला घासून तिची डावी बाजू पार चेपली होती. पुढचं मडगार्ड गेलं, दोन्ही दारं गेली. कारखान्याचे मालक म्हणाले, नवीन बाजू मुंबईहून मागवायला महिने लागतील. पण वकीलसाहेबांचा जीव त्या गाडीत. आणि त्यांना ती दसऱ्याच्या पूजेला दारात उभी हवी होती.

मी म्हणालो, होईल. मालकांनी विचारायच्या आधीच म्हणालो. दसऱ्याला गाडी दारात, माझा शब्द. असा मी होतो.

मालेगावला एका सूतवाल्याच्या शेडमागे तसलीच एक गाडी मरून पडली होती. मी गेलो. पत्रा निवडायची माझी एक पद्धत होती — आधी डोळे मिटून तळहात फिरवायचा, मग बोटाच्या पेरानं वाजवायचं, मग उन्हाकडे तोंड करून बसायचं आणि तिरपं बघायचं. मडगार्ड चांगलं निघालं. पुढचं दारही. मागच्या दारावर मी हात ठेवला तेवढ्यात तिथला म्हातारा राखणदार हसला.

“हाई दार सडेल शे, भाऊ.”

खरंच सडलं होतं, खालून. मी ते तिथंच टाकलं. पाहा — मालेगावच्या शेडमागे, परक्याच्या गाडीतलं सडकं मला ओळखता आलं होतं. सोडताही आलं होतं.

म्हणजे मागच्या दाराचा पत्रा नव्यानं ठोकून घेणं आलं. त्यासाठी मी तांबट आळीत बापूंकडे गेलो. बापू साठीचे होते. जन्म घागरी-हंडे ठोकण्यात गेलेला. पण लोखंडी पत्र्यालाही त्यांचा हात असा चालायचा की मोडक्या दाराचा नुसता नमुना समोर ठेवला तरी तीच गोलाई उतरायची. आळीतले त्यांना हसायचे — म्हातारपणी मोटारी कसल्या करतोस? बापू ऐकून घ्यायचे. त्यांना ते काम आवडायचं, एवढंच. चार दिवसांत त्यांनी दाराचा पत्रा तयार केला. मी हात फिरवला. कुठंही हातोडीची खूण लागेना.

ते स्वतः कारखान्यात आले, दार चौकटीवर चढवायला. काम झाल्यावर निघताना थांबले.

“अनंता, मधला खांब उघडून बघितलास ना रे? मार त्याच बाजूला बसलाय. दार कितीही चांगलं असू दे, धरतं ते लाकूड.”

“बघितलाय, बापू.”

बघितला होताच. ते खोटं नव्हतं.

त्या काळच्या गाड्यांचा सांगाडा लाकडी असायचा, वरून पत्रा. दोन दारांच्या मधे जो खांब असतो त्यावर मागच्या दाराचा खटका अडकायचा. सकाळीच मी त्या खांबावरचा पत्रा सोडवला होता. धक्क्यानं लाकडाला कधीतरी चीर गेली असावी, चिरेतून पावसाचं पाणी. खटक्याची पट्टी बसवायला स्क्रू लावला तर तो मेणात जावा तसा आत गेला. नखानं टोकरलं — भुगा आला. मी सुताराचा मुलगा आहे. लाकूड कुजलंय हे मला कुणी सांगायला नको होतं. वडिलांनी मला अक्षरांच्या आधी लाकूड शिकवलं होतं.

खांब बदलायचा तर? दोन्ही दारं उतरवायची, टपाच्या कमानी सोडायच्या, सगळी डावी बाजू पुन्हा मोकळी करायची. आठ दिवस. दसरा तीन दिवसांवर. आणि मी शब्द देऊन बसलो होतो. कुणी मागितलाही नसताना.

मी आगपेटी घेतली. काड्यांची डोकी मोडून त्या भोकांत ठासल्या, वर लांबीचा लगदा भरला, तो वाळल्यावर स्क्रू पिळले. स्क्रू बसले. वरून पत्रा, वरून रंग. दार लावलं तर असा भरीव आवाज आला की मालक आतून बाहेर आले. दोन्ही दारांमधली फट वरपासून खालपर्यंत दोरा धरावा तशी सरळ. दसऱ्याला वकीलसाहेबांनी त्या फटीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “अनंता, कळतसुद्धा नाही रे कुठं लागलं होतं ते!”

मला काय वाटलं असेल त्या वेळी? खरं सांगू — आनंद झाला. भीती नाही. आनंदच. म्हणूनच हे जास्त लाजिरवाणं आहे.

त्रिपुरी पौर्णिमेला वकीलसाहेब घरच्यांना घेऊन त्र्यंबकेश्वरला निघाले. मागच्या बाकावर डावीकडे त्यांच्या थोरल्या बहीण बसल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. विधवा बाई, भावाकडेच राहायच्या. आसपासच्या ज्या बायकांना लिहिता येत नसे त्या दुपारी अक्कांच्या ओसरीवर जमायच्या, आणि अक्का त्यांची पत्रं लिहून द्यायच्या — माहेरी, मुंबईच्या नवऱ्याला, कुणाची पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन न परतलेल्या मुलाच्या चौकशीचीही. त्यांचं अक्षर असं की पोस्टमन पत्ता न वाचता ओळखायचा.

अंजनेरीच्या अलीकडच्या वळणावर मागचं दार उघडलं आणि अक्का रस्त्यावर पडल्या. उजव्या कोपराचा चुरा झाला. जीव वाचला. हात राहिला, पण तो पुन्हा वळला नाही, आणि बोटांत लेखणी धरण्याइतकं बळ आलं नाही.

गाडी कारखान्यात ओढून आणली. वकीलसाहेब बरोबर होते, पांढरे पडलेले. मालक, आम्ही कामगार, रस्त्यावरचे दहा-पंधरा लोक. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “हे दार कुणी केलं?”

मी म्हणालो, “दार बापूंनी केलं.”

यात एक शब्दही खोटा नाही. कितीदा मी हे वाक्य तपासून पाहिलं आहे! दार बापूंनीच केलं होतं. पण मालकांना विचारायचं काय होतं ते मला कळलं नव्हतं का?

कळलं होतं. आणि त्याच दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, मी त्या खांबावरचा पत्रा पुन्हा सोडवला. कुजका तुकडा कापून पाण्याच्या बंबात घातला. तो धड पेटेनाही, नुसता धुमसत राहिला. त्या जागी नुसता दिसण्यापुरता सागाचा नवा तुकडा बसवून, वर काळा रंग देऊन टाकला. त्यानंतर कुणीही पाहिलं असतं तरी दोष दाराचाच दिसला असता.

दुसऱ्या दिवशी बापू आले. आळीत बातमी पोचली होती. कुणाशी न बोलता ते सरळ गाडीपाशी गेले, खाली बसले, खांबावर बोट ठेवलं. बोटाला रंग लागला. त्यांनी बोट बघितलं.

“जुनं लाकूड कुठंय?”

“जाळलं.”

“म्हणजे कुजलेलं होतं तर,” बापू म्हणाले.

मी वाट बघत होतो, आता ओरडतील, मालकांना हाक मारतील. ते उठले, धोतराला बोट पुसलं आणि निघून गेले. का बोलले नाहीत? मला ठाऊक नाही. बोलले असते तरी कुणी ऐकलं असतं? हेही आज म्हणणं सोपं आहे.

त्यानंतर बापूंकडे मोटारीचं काम कुणी नेलं नाही. आळीतल्या लोकांना तर निमित्तच मिळालं. भांडं घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही विचारायचं, “घागरीचं बूड तरी सुटणार नाही ना, बापू?” ते हसायचे म्हणे. पाच-सहा वर्षांनी वारले. मी खांदा दिला. लोक म्हणाले, परका असून किती माया.

एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी बोललो असतो. पण आणखी एक आहे. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरतोय.

अपघातानंतर चार-पाच महिन्यांनी अक्कांनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो. ओसरीवर त्या एकट्याच बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर तसाच ठेवलेला. मला वाटलं, कळलंय यांना. त्या म्हणाल्या,

“अनंता, त्या तांबटाच्या घरी तुझं जाणं-येणं आहे ना? लोक त्याला फार टोचून बोलतात असं ऐकते. म्हातारा माणूस. त्याला सांग, अक्कांच्या मनात काही नाही. हातून होतं माणसाच्या. मी स्वतः पत्र लिहिलं असतं रे, पण…” आणि त्या थोड्या हसल्या.

तेव्हा सांगायचं होतं. ओसरीवर तिसरं कुणी नव्हतं. बाई क्षमा हातात घेऊन बसल्या होत्या, आणि ती माझीच होती. मी म्हणालो, “सांगतो.”

आणि गेलो. खरोखर गेलो, तांबट आळीत, भर दुपारी. बापू ऐरणीशी होते. मी उभ्यानंच निरोप सांगितला — अक्कांच्या मनात काही नाही, हातून होतं माणसाच्या. त्यांचेच शब्द, एकही न गाळता.

बापूंनी हातोडी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग वकीलसाहेबांचं घर ज्या बाजूला होतं तिकडे तोंड करून दोन्ही हात जोडले.

“त्यांचे उपकार आहेत म्हणावं,” ते म्हणाले. आणि पुन्हा हातोडी उचलली.

मी तसाच परत अक्कांकडे गेलो. त्या वाट बघत होत्या. काय म्हणाला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा निवळला. “बरं झालं बाई,” म्हणाल्या, आणि मला बसायला सांगून आत गेल्या. डाव्या हातानं चहाचा कप घेऊन आल्या. कप हिंदकळत होता, थोडा चहा बशीत सांडला. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

मी बसलो आणि तो चहा प्यायलो. बशीतलासुद्धा.