शेवटची पानं नसलेलं कॉमिक

लेकीला लातुरात क्लासला सोडून मी पुस्तकांच्या दुकानात शिरलो, तर परीक्षेच्या गाईडांच्या ढिगाशेजारी लहानपणीचा तो लाल झग्यातला उडणारा सुपरहिरो नव्या गुळगुळीत छपाईत दिसला, आणि मी ते कॉमिक हातात घेतलं. भूकंपानंतर आमच्या वर्गात एक मुलगा आला होता. त्याचं गाव पडलं होतं, म्हणून तो मामाकडं राहायचा. मदतीच्या ट्रकमधून जुन्या कपड्यांसोबत त्याला हेच कॉमिक मिळालं होतं, रॉकेलचा वास येणारं, शेवटची पानं गेलेलं. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग त्याच्याभोवती जमायचा. पानं तोच उलटायचा, वर "हात लावू नको, फाटंल" म्हणायचा. मी जळून खाक व्हायचो. एकदा घरी येऊन आईला विचारलं, "आपलं घर का न्हाई पडलं?" भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "परत असं बोललास तर जीभ हासडीन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला गोष्टीचा शेवट विचारला. तो म्हणाला, "मंग त्यो उडत आमच्या गावात येतो. एका हातानं आमच्या घरावरचं मातीचं माळवद उचलतो अन् माझ्या बहिणीला भाईर काढतो." शेजारच्या पोरानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला मात्र वाटलं, एवढा भारी शेवटही यालाच मिळाला. आता दुकानात उभ्या उभ्याच मी शेवटची पानं उघडली. सुपरहिरो आपल्या शहरात परततो, लोक टाळ्या वाजवतात. मी पुस्तक मागून पुढून चाळलं. पानं सगळी होती, माळवद कुठंच नव्हतं.