मॉनिटरची केबल काढा, एवढंच म्हणालो होतो

मॉनिटरची केबल ही काही किस्से घडण्यासारखी वस्तू नव्हे. दीड मीटर वायर, दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू, संपला विषय. पण कराडात मी आणि तात्या बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. घरी पाहुणे आले की बायको म्हणते, "आवं, ती केबलची गंमत सांगा की!" तर मलाच विचारावं लागतं, कुठली?

तात्या म्हणजे माझे पार्टनर. सैन्यात सिग्नलमध्ये होते, सुभेदार होऊन रिटायर झाले. बोलतात कमी. तुटक्या केबलला "खराब" म्हणत नाहीत, "जखमी" म्हणतात.

* * *

शिराळ्याहून एका बागायतदाराचा फोन आला. "स्क्रीन काळी पडलीया."

म्हटलं, "मॉनिटरच्या मागची केबल काढा आणि परत लावा."

अर्ध्या तासानं पुन्हा फोन. "काढली. आता लावायची कशी?"

"जशी काढली तशी."

पलीकडून आवाज आला, "स्क्रू निघंनात वो. कोयत्यानं काढली."

आम्ही गेलो. तात्यांनी नवी केबल बसवली आणि निघताना आपला स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. म्हणाले, "कोयता उसाला."

* * *

एका धान्याच्या व्यापाऱ्याची केबल उंदरांनी तीनदा कुरतडली. तिसऱ्या वेळी तात्या म्हणाले, "मांजर पाळा."

त्यानं पाळलं. चौथ्यांदा गेलो तेव्हा केबलवर दातांच्या खुणा होत्या, पण बारक्या. मांजरीची चार पिल्लं मॉनिटरमागं खेळत होती.

"आता काय पाळू तात्या?" तो रडकुंडीला आला होता.

तात्या पिल्लांकडं बघत म्हणाले, "शिस्त."

* * *

पलूसचा एक फोटोग्राफर. चांगला कलाकार माणूस. त्याच्या केबलमधली निळ्या रंगाची बारीक तार आतल्या आत तुटली. तसं झालं की सगळी स्क्रीन पिवळी दिसते. त्याला वाटलं, फोटोच पिवळे आलेत. हळदीचा कार्यक्रम, असायचेच! म्हणून आठवडाभर बसून त्यानं अख्ख्या लग्नात मापानं निळा रंग भरला.

अल्बम छापून आला. नवरीचे वडील तो घेऊन थेट स्टुडिओत. नेमके आम्ही तिथंच केबल तपासत होतो.

त्यांनी अल्बम उघडून टेबलावर ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही. "लग्न मे म्हैन्यात झालं. मग आमचं जावई एवढं गारठलं कशानं?"

फोटोग्राफरनं सगळा अल्बम नव्यानं करून दिला. एक फोटो मात्र त्या वडिलांनी निळाच ठेवून घेतला. विहिणीचा.

* * *

कोयनानगरच्या एका ऑफिसातली तक्रार वेगळी होती. मॉनिटर मधूनच बंद पडायचा. तात्यांनी मागं हात घातला. दोन्ही स्क्रू ढिले, केबल नुसती टेकलेली. जरा हादरलं की निसटायची. तात्यांनी पक्की आवळली. आम्ही खुशीत घाट उतरलो.

पंधरा दिवसांनी तिथल्या क्लार्कचा फोन. चांगलाच तापलेला.

"काय करून ठेवलंय तुमी? काल भूकंपाचा धक्का बसला, आन् आमाला पत्ताच न्हाई!"

"म्हणजे?"

"आवं, मॉनिटर गेला की आमी भाईर पळत हुतो. काल सगळी मैदानात, आन् आमी दोघंच आत टायपिंग करत!"

तात्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते एकटेच कोयनेला जाऊन आले. काय केलं, विचारलं. म्हणाले, "ढिली केली."

* * *

आणि ही कुंडलची.

तिथं एक मावशी एकट्या राहतात. मुलगा सैन्यात. मावशींकडं साधा बटणाचा मोबाइल, म्हणून त्यानं घरी कॉम्प्युटर बसवून दिलेला. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मावशींनी एंटर दाबायचं, एवढंच शिकवलेलं. इकडं कॅमेरा नव्हता. मावशींनी त्याला बघायचं, दोघांनी बोलायचं.

दोन महिन्यांपूर्वी केबल गेली. आवाज यायचा, स्क्रीन काळी. मावशींनी दुरुस्तीचं काढलं की मुलगा म्हणायचा, "ऱ्हाऊ दे आई. सुट्टीला आलो की मीच बसवतो." शेवटी मावशींनीच आम्हाला बोलावलं. "त्याला सांगू नगासा. मला निस्तं त्वांड बघायचंय."

तात्या केबल आवळत होते तेवढ्यात कॉल आला. मावशींनी एंटर दाबलं आणि स्क्रीन उजळली.

मुलगा समोर. हसत होता. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये.

मावशी खुर्चीत ताठ झाल्या. मी काही बोलणार, तर तात्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"आई, बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय. तू?"

"एकदम फस्क्लास! आत्ताच व्हॉलीबॉल खेळून आलो."

मावशींनी पदरानं डोळे पुसले. आवाज जराही हलू दिला नाही.

"व्हय? मग जेवलास का?"

"जेवलो की. पोटभर."

"कंच्या हातानं?"