गुळाचा खडा

गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली उतरते, असं बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांत अजूनही मानतात. पाळी संपली की रांगेत उभं राहायचं, हातावर गुळाचा खडा घ्यायचा आणि घरी जायचं. घशातली उतरत असेलही, पण छातीतली कुठे उतरणार? हे मी इतक्या ठिकाणी बोलले आहे की काही शेठ मला पाहूनच तोंड वाकडं करतात. करू देत.

कामगारांच्या श्वासात काय जातं ते मोजायचं, हे माझं काम. कमरेला छोटा पंप, कॉलरला फिल्टरची डबी. कामगार जी हवा घेतो तीच पंप पाळीभर ओढतो. मग प्रयोगशाळेत फिल्टरचं वजन करायचं.

तो कारखाना गारगोटी दळायचा. कायद्यापुरता रिपोर्ट हवा म्हणून शेठने मला बोलावलं होतं. पोती भरणारा माणूस खानदेशातून आलेला, चाळिशीचा, जिना चढताना मध्येच थांबणारा. त्याला जुना दमा आहे, असं शेठने मला न विचारताच सांगून ठेवलं. पोत्याच्या तोंडाशी धूळ ओढणारा पंखा बसवला नाही तर हा माणूस फार दिवस काम करू शकणार नाही, हे मला दिसत होतं. पण आकडा दाखवल्याशिवाय शेठ भिंतीत खिळाही ठोकणाऱ्यातला नव्हता.

त्याच्या कमरेला पंप लावला आणि शेठने मला केबिनमध्ये नेलं. सेवउसळ आली, मग चहा, मग मुलाच्या लग्नाचे फोटो. तासातासाला पंप बघून यायचा हा माझा नियम, तो मी सेवउसळीपायी मोडला. त्याचा राग मला आजही येतो, स्वतःचाच.

परत गेले तर डबी रुमालात घट्ट गुंडाळलेली.

"ताई, यंत्र महागाचं आहे ना," तो म्हणाला. "धूळ बसून बिघडलं तर तुम्हाला बोलणी बसतील, म्हणून बांधून ठेवलं."

रुमाल त्याचाच होता. रोज तो नाकाला बांधायचा.

मी रुमालाची गाठ सोडू लागले. शेठ माझ्या मागोमाग आलाच होता. "बेन, पंप आखो दिवस चाल्यो ने? बस, लखी नाखो."

मी म्हणाले, पंप दिवसभर चालला म्हणून लिहून टाकता येत नाही, डबीत धूळच गेलेली नाही; उद्या पुन्हा मोजणार, नाहीतर मोजू दिलं नाही असं लिहून देईन. तुमच्यासारखे पुष्कळ मिळतात, शेठ म्हणाला. मग त्यांना बोलवा, मी म्हणाले, पण या फिल्टरवर माझी सही मिळणार नाही. तेव्हा त्याने सेवउसळ काढली. मी खाल्ल्या मिठाला जागत नाही म्हणे. नव्हतेच जागणार.

दुसऱ्या दिवशी डबी लावताना मी त्या माणसाला सांगितलं, "दादा, ही मळायलाच आणली आहे. आणि नाकाला हा मास्क लावा, रुमालाने भागत नाही." त्या दिवशी मी पाळी संपेपर्यंत त्याच्या शेजारून हलले नाही. केबिनमधून चहाचं बोलावणं दोनदा आलं. मी गेले नाही.

वजन मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. धुळीवरचा उपाय म्हणून रोज गूळ देतो असं लिहा, शेठचा हट्ट. मी लिहिलं: गूळ देतात, त्याने धूळ थांबत नाही, पंखा बसवावा.

ज्याच्या अंगावर पंप लावला त्याला निकाल सांगायचा, हा माझा दुसरा नियम. तो मी मोडला नाही. रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा पाळी सुटली होती आणि शेठच्या टेबलापुढे गुळाची रांग होती. शेठ समोर असतानाच मी रांगेतल्या त्या माणसाला सगळं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं हे माझ्यात बसत होतं?"

"हो."

त्याने हातातल्या खड्याकडे पाहिलं. मग खडा शेठच्या टेबलावर ठेवून तो शेठच्याच गुजरातीत म्हणाला,

"शेठ, गोळ तमे खाओ. मने पंखो आपो."