मोहाखाली ओ आली तेव्हा

लिहायचं कसं, असं पोरीबाळी मला विचारतात. मी कोणाकडे शिकले नाही बाप्पा, मी काय सांगणार? पण एक सकाळ सांगते.

आमच्या दरेकशाकडच्या जंगलात मोहफुलं वेचताना बाया एकमेकींना हाका मारत राहतात. फुलांवर अस्वलं येतात, माणसांचा आवाज ऐकून ती लांब राहतात. आपापल्या झाडाखालून एकीनं हाक द्यायची, दुसरीनं ओ द्यायची. ओ आली नाही तर टोपली टाकून पळत बघायला जायचं.

माझी थोरली जाऊ तापात गेली. वर्षभरानं तिची लेक माझ्याकडे आली. म्हणाली, "काकी, मायचा आवाजच आठवून नाही राहिला. चेहरा दिसते, आवाज नाही. तू लिहितेस तं तिला लिही न."

मी लिहिलं, 'माझी जाऊ अत्यंत प्रेमळ व कष्टाळू होती.' वाचून दाखवलं तर पोरगी म्हणते, "हे कोण व? शाळेतली बाई वाटते."

खरंच होतं. मी तो कागद चुलीत घातला आणि जाऊ जशी बोलायची तशी लिहायला बसले. कानात येईल तेवढंच लिहायचं, शोभेचं एक अक्षर घालायचं नाही.

चैतात पोरगी आणि मी मोह वेचायला गेलो. ती एका झाडाखाली, मी दुसऱ्या. मधलं झाड जावेचं, तिथं त्या वर्षी कोणी बसलं नव्हतं. मी कागद काढून मोठ्यानं वाचलं, "काऊन दूर जाऊन राहिली व? अस्वल का तुह्या घरचा पाहुणा हाय?"

"ओ!"

मी हसले. "अवं, ओ काय देतेस, कसं झालं ते सांग!"

पोरगी झाडामागून आली. चेहरा पांढरा पडला होता. "काकी, मी तं तोंडच नाही उघडलं."

मधल्या झाडाखाली फुलं टपटपत होती, एवढंच. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. माझे पाय पळायला निघाले होते. पोरगी मात्र तिकडे गेली, आईच्या झाडाला पाठ लावून बसली आणि डोळे मिटले.

"वाच न, काकी. थांबू नको."

कागदावर थोड्याच ओळी उरल्या होत्या. मी एकेक शब्द सावकाश वाचू लागले.