सोळावी मुलगी

याकूबभाईंचा फोन आला तेव्हा मी दुबईत, ऊद मेथा भागातल्या एका शाळेच्या मैदानावर उभी होते. शनिवारची सकाळ, बारावीच्या मुलींची फुटबॉलची ट्रायल चालू, हातात क्लिपबोर्ड. नजमाचा नवरा मला कधी फोन करत नसे. स्क्रीनवर त्यांचं नाव बघून वाटलं, हे त्या सहीचंच असणार. आता नवऱ्याला सांगायला लावतेय. मी जरा चिडूनच फोन घेतला. "वैशालीताई, नजमा गेली," ते म्हणाले. "पहाटे फजरच्या नमाजला उठली, चक्कर येतेय म्हणून बसली... ॲम्ब्युलन्स येईपर्यंत खलास." खलास हा शब्द आम्ही इथे दिवसातून पन्नास वेळा वापरतो. मीटिंग खलास, पार्किंग खलास. त्या सकाळनंतर कितीतरी दिवस तो माझ्या तोंडातून निघाला नाही. फोन ठेवला आणि पुढची वीस मिनिटं मी मुलींच्या नंबरांपुढे खुणा करत राहिले. अकरा नंबर पळते चांगली, सात नंबरचा डावा पाय चांगला... सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं. नजमा मुकादम, फुजैरातल्या एका छोट्या कॉलेजची स्पोर्ट्स टीचर, माझी या देशातली सगळ्यात जुनी मैत्रीण, गेली होती. आणि ज्या पत्रावर तिला माझी सही हवी होती ते पत्र माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये तसंच पडून होतं.

आमची ओळख झाली ती शाळांच्या एका स्पर्धेत. मी पुण्याहून नवीन आले होते, दुबईतल्या एका मोठ्या कॉलेजात स्पोर्ट्स कोऑर्डिनेटर म्हणून. सावलीत उभी राहून फोनवर नवऱ्याशी भांडत होते. फोन संपला तशी मागून आवाज आला, "पुण्याची का गो तू? भांडतेस पण शुद्ध." वळून पाहिलं तर डोक्याला स्कार्फ, ट्रॅकपँट, गळ्यात शिट्टी, आणि हसताना बारीक होणारे डोळे. नजमा जयगडच्या खाडीकाठची. याकूबभाई फुजैराच्या बंदरात जहाजांना तेल भरणाऱ्या कंपनीत, त्यांच्याशी लग्न होऊन ती आली आणि पंचवीस वर्षं तिथेच राहिली. माहेरी मुलींनी फुटबॉल खेळायची पद्धत नव्हती. ती भावांच्या टीममध्ये गोलकीपर कमी पडला की उभी राहायची. "लाथा खाल्ल्या, पण शिकले," एवढंच सांगायची.

आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इथे मुलींचं कॉलेज फुटबॉल म्हणजे मूठभर टीम. शाळेत नीट खेळलेल्या मुली दरवर्षी वीस-पंचवीस निघतात आणि त्याच मुलींच्या मागे दुबई, शारजा, अबू धाबी, सगळे लागतात. एकाने फीमध्ये सवलत दिली की दुसरा जास्त देतो, तिसरा बसची सोय करतो. नजमाच्या कॉलेजात मुळात जेमतेम चारशे विद्यार्थी. सवलत द्यायला पैसे नाहीत, आणि दुबईहून डोंगर ओलांडून दीड तास. कुठली आई मुलीला तिकडे पाठवणार? म्हणून नजमा आम्ही जिथे जात नव्हतो तिथे जायची. कल्बा, दिब्बा, खोरफक्कानच्या शाळा. फायनल आम्ही बघायचो; ती पहिल्याच फेरीत हरलेल्या टीमच्या बसपाशी जाऊन उभी राहायची. हरल्यावर कोण कुणावर ओरडतंय, कोण गुपचूप बॉल गोळा करतंय, हे बघायची. अशा मुली घेऊन ती दोन वर्षांत त्यांना खेळाडू करायची आणि मग आमच्यापैकी कुणीतरी त्यातली एक उचलायचा. मीही उचलल्या. तीन. दर वेळी तिचा फोन यायचा. "नेलीस का गो? ने. पण तिचा घोटा कच्चा आहे हं, पट्टी बांधल्याशिवाय उतरवू नको."

गेल्या उन्हाळ्याच्या आधी मी तिच्याकडे गेले होते. समुद्रावर गाडी लावून आम्ही आतच बसलो, एसी चालू ठेवून. बाहेर क्षितिजावर टँकर रांगेत उभे होते. ती म्हणाली, "कॉलेजने पत्र दिलंय. ऑगस्टअखेर सोळा मुलींची नोंदणी झाली तर टीम राहणार, नाहीतर बंद. माझ्याकडे पंधरा आहेत." मी म्हटलं, होईल गं एक. ती म्हणाली, "होईल इन्शाल्ला. पण हे कुणाला बोलू नको वैशाली. पोरींना कळलं तर घाबरून एकेक करून निघतील आणि मग खरंच बंद होईल." मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या बापटांच्या घरी आम्ही दोघी एकाच सोफ्यावर बसलो होतो. त्यांची तन्वी त्या वर्षीची सगळ्यात चांगली गोलकीपर. बापटांनी दोन्ही कॉलेजांना एकाच दुपारची वेळ दिली होती; मुद्दाम की चुकून, कोण जाणे. वहिनींनी पोहे दिले, चहा दिला. मी फीची सवलत सांगितली. बापटांनी दिरहमचे रुपये मोठ्याने करून बघितले, मान डोलावली. मग नजमा बोलली. सवलतीचं तिने काढलंच नाही. तन्वीकडे वळून विचारलं, "पेनल्टीला तू नेहमी उजवीकडे झेप घेतेस. डावीकडे भीती वाटते?" तन्वीचा चेहराच बदलला. आजवर आलेल्यांपैकी कुणी तिला खेळाबद्दल विचारलंच नव्हतं. दोघी दहा मिनिटं पेनल्टीवर बोलत होत्या आणि मी पोह्यांची रिकामी बशी हातात धरून बसले होते. शेवटी तन्वी म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट टू प्ले. देअर आय विल प्ले." आमच्याकडे एक चांगली गोलकीपर आधीच होती, हे त्या मुलीला ठाऊक होतं. मलाही होतं. आमच्या डायरेक्टरांनी बजावून पाठवलं होतं: खेळवायचं नंतर बघू, आधी उचला, दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये.

नजमाने घड्याळ बघितलं. असरची वेळ झाली होती. तिने वहिनींना विचारलं, "जरा नमाज पढू का आत?" वहिनी तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, दार लोटलं गेलं. तन्वी मैत्रिणीचा फोन घ्यायला गॅलरीत गेली. बापट मला म्हणाले, "पोरीचा कल तिकडे दिसतोय, मॅडम." आणि मी म्हटलं, "तिकडे पुढच्या वर्षी टीम असेलच असं नाही."

"म्हणजे?"

"बंद होणार आहे. मला आतून माहिती आहे."

एवढंच. दहा सेकंदांचं काम. ती बाहेर आली तेव्हा बापटांचा आवाज वेगळा झाला होता. "आम्ही विचार करून कळवतो," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. नजमाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. नमाजाआधी धुतलेलं तिचं तोंड आणि हात अजून ओलसर होते. मग तिने पर्स उचलली, वहिनींना पोहे छान झाले होते म्हणून सांगितलं. खाली पार्किंगमध्ये ती मला म्हणाली, "सांभाळून चालव." आणि फुजैराच्या दिशेने निघून गेली. त्या दिवशी ती ओरडली असती तर... पण ती ओरडली नाही.

तन्वी आमच्याकडे आली. ऑगस्ट संपायला दोन दिवस असताना नजमाने दिब्ब्याहून मरियम नावाची एक हँडबॉल खेळणारी मुलगी आणली, जिने फुटबॉलला पाय लावला नव्हता, आणि तिला गोलमध्ये उभं केलं. सोळा झाल्या. टीम वाचली. मला हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या काळात नजमा आणि मी फक्त ईदच्या, गणपतीच्या शुभेच्छा पाठवत होतो. मोसमात आम्ही त्यांच्या मैदानावर खेळलो. मरियम हँडबॉलसारखे दोन्ही हात पसरून उभी राहायची, मुली हसायच्या, पण बॉल आत जात नव्हता. आम्ही कसाबसा एक गोल करून जिंकलो. तन्वी नव्वद मिनिटं बेंचवर, अंगावरचं जॅकेटसुद्धा न काढता. मॅच संपल्यावर ती समोरच्या गोलकडे गेली आणि मरियमशी काहीतरी बोलत राहिली. बसमध्ये परत आली तेव्हा रडत होती.

पंधरा दिवसांनी तिने बदलीचा अर्ज दिला. मोसमाच्या मधे कॉलेज बदलायचं तर जुन्या कॉलेजचं पत्र लागतं, नाहीतर वर्षभर खेळता येत नाही. ते पत्र माझ्या सहीने जातं. डायरेक्टर म्हणाले, "फुजैराला? नाही. आज एक दिली तर उद्या चार मागतील. ठेवा तसंच, महिना गेला की मुदत संपेल." मी ठेवलं. तन्वी रोज ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहायची, "मॅम, एनी अपडेट?" मी म्हणायची, प्रोसेसमध्ये आहे. प्रोसेस वगैरे काही नव्हती. एक कागद होता आणि एक ड्रॉवर.

मुदत संपायला आठवडा राहिला असताना, मंगळवारी, नजमाचा फोन आला. इतक्या महिन्यांनी तिचा आवाज ऐकला तर तो थकलेला वाटला. मी विचारलं नाही. ती सरळ मुद्द्यावर आली. "सही कर वैशाली."

"माझ्या हातात नाही गं. वरून—"

"तुझ्याच हातात आहे." मग म्हणाली, "बापटांच्या घरी तू काय सांगितलंस ते मला माहीत आहे. बापटांनीच फोन करून विचारलं होतं, खरं आहे का म्हणून."

मी विचारलं, "मग तू मला काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? खरंच होतं ते. बंद होणारच होती." आणि मग तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "पण ही पोर एकोणीसची आहे गो! कॉलेज संपलं की इथे कोण खेळवतंय तिला? दोनच वर्षं आहेत तिच्याकडे. ती तू ड्रॉवरमध्ये ठेवणार का?"

"रविवारपर्यंत करते," मी म्हटलं. खरंच करणार होते का? पाच आठवडे झाले, मी स्वतःला हेच विचारते आहे. शनिवारी ती गेली, म्हणून मला उत्तर कधी कळणार नाही.

त्या शनिवारी ट्रायल अर्धी टाकून मी ऑफिसला गेले. सुट्टीचा दिवस, कॉरिडॉरमध्ये दिवे बंद. पत्रावर सही केली, शिक्का मारला, लीगच्या ऑफिसला मेल केलं आणि डायरेक्टरांना दोन ओळींचा मेसेज. सोमवारी त्यांनी मला जे ऐकवलं ते ऐकवलं. मेमो फाईलला लागला आहे, पुढच्या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट होईल की नाही सांगता येत नाही. मग तन्वीला फोन केला. ती मराठीत म्हणाली, जी ती कधीच बोलत नाही, "मला घेऊन जाल?"

रविवारी आम्ही दोघी फुजैराला गेलो. दफन आदल्या दिवशीच झालं होतं. घरी बायका बसल्या होत्या, याकूबभाई दाराशी. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं नाव घ्यायची ती. हसून घ्यायची." त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मी विचारलं नाही. पत्राची एक प्रत कॉलेजातही द्यायची होती, म्हणून तिथून आम्ही कॉलेजवर गेलो. स्पोर्ट्स रूम जिन्याखाली होती. मी तिथे कधीच गेले नव्हते. मुली आत जमिनीवर बसल्या होत्या, काही रडून सुजलेल्या, काही नुसत्याच. आम्ही दारात उभ्या राहिलो आणि सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. तन्वी कुठून आली आणि आधी तिने कुठलं कॉलेज निवडलं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. मी कोण तेही. एका कोपऱ्यात मरियम होती. तन्वी आली म्हणजे गोलमधली तिची जागा गेली, हे तिला कळत नसेल असं नाही. ती उठली. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार, आणि बोलली असती तर ते योग्यच होतं.

तिने तन्वीकडे बघितलं. म्हणाली, "खाना खाया?"

तन्वीने नकारार्थी मान हलवली. मरियम वळली. भिंतीशी एक छोटा फ्रिज होता, त्यावर इलेक्ट्रिक शेगडी, एक काळवंडलेला तवा. फ्रिजमध्ये अंडी, ब्रेड, खजुराचा डबा. मरियम अंडी काढता काढता, कुणाकडे न बघता, सांगत होती... कल्ब्याच्या मुली दुपारी बसने उपाशीच यायच्या, म्हणून मॅमने हे स्वतः आणून ठेवलं होतं, दर शनिवारी भरायच्या. नवीन मुलगी आली की मॅमचा नियम होता, कहाँ थी, क्यों गई, काही विचारायचं नाही. पहले खिलाओ. काल फ्रिज भरायला कुणी नव्हतं, म्हणून आज सकाळी मुलींनी वर्गणी काढून भरला.

तवा तापला. तिने दोन अंडी फोडली. मग हात थांबवून मागे वळून माझ्याकडे बघितलं. "और आपने?"

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. नाही म्हटलं. तिने तिसरं अंडं उचललं.