काकूंबरोबर पिंपरीला

आम्ही मूळचे बीडकडचे. नवरा आणि मी दोघंही चाकणला कंपनीत, आणि राहायला पिंपळे गुरवात, भाड्याच्या दोन खोल्यांत. घरमालकिणीला सगळे भाडेकरू काकू म्हणत. जुन्या गावातलं घर, नवरा गेलेला, दोन्ही मुलगे जमिनीच्या व्यवहारात.

होळीनंतर एका दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काकू वर आल्या, जिन्याचं दार लोटलं आणि म्हणाल्या, "जरा हात लाव बघू हितं."

छातीत, काखेच्या अंगाला, कडक गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती दिवाळीपासून अंगावर काढली होती.

"थोरल्या दादांना सांगितलं का?"

"न्हाई. नातीचं लग्न जमतंय. घरात असलं काही निघालं तर पोरीला कोण पत्करंल? आन् लेकापुढं हे बोलू तरी कसं?"

मग मीच त्यांना पिंपरीच्या हॉस्पिटलात नेलं. सुईनं तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुम्ही सून का?" मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "व्हय, माझीच हाय."

पण ऑपरेशनला घरची माणसं लागणार होती. परतताना रिक्षात मी म्हटलं, "काकू, आता लपवता यायचं नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

संध्याकाळी त्यांनी सांगितलं. थोरल्यानं ताट बाजूला सारलं. "आई, इतके महिने गप बसलीस?" एवढंच बोलला. मी दारातच उभी होते. आत जावं की खोलीवर जावं, कळेना.

ऑपरेशनमध्ये तो स्तन काढला. पहिल्या केमोला सगळं घर आलं. पुढं पुढं थोरला तेवढा यायचा, आणि तोही बाहेर फोनवर. वाईट कुणीच नव्हतं. दुखणं लांबलं होतं.

रेडिएशनला रविवार सोडून रोज जायचं होतं. माझी फर्स्ट शिफ्ट, अंधारात उठावं लागे. कंपनीची बस दुपारी नाशिक फाट्याला सोडायची, तिथं काकू रिक्षा घेऊन थांबलेल्या असत. त्या आत गेल्या की मी बाहेरच्या खुर्चीत झोपून जायचे. बाहेर येऊन त्याच मला हलवायच्या, "ऊठ, झालं माझं."

एकदा मी म्हटलं, "दादा गाडीनं सोडतील की."

"त्यो सारखं घड्याळ बघतोय. तुलाबी येळ न्हाई, पन तू बघत न्हाईस." मग म्हणाल्या, "मरायचं काई वाटत न्हाई गं. ह्या जान्यायेन्याचा लई कटाळा आलाय."

त्याच दिवसांत, नातीचं जमत होतं त्या मुलाकडच्यांनी फोन उचलणं बंद केलं. काकू दिवसभर जेवल्या नाहीत. नात आयटीत होती, घरूनच काम करायची. ती म्हणाली, "आजी, तुझ्यामुळं मोडलं असेल तर मोडू दे." त्यानंतर आठवड्यातून एक दिवस ती काकूंना न्यायला लागली. त्या दुपारी मी घरी येऊन डबासुद्धा न धुता झोपायचे.

उपचार संपले तेव्हा कुणी पेढे वाटले नाहीत. रोजची गोळी सुरू झाली, ती काही वर्षं चालणार आहे. त्या बाजूचा हात सुजतो. चादर पिळता येत नाही, ती मी पिळून देते.

"तू तुझं दाखवलंस का डॉक्टरीणबाईला?" असं काकू मला येता-जाता विचारायच्या. मी टाळत राहिले. गेल्या महिन्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी त्या चप्पल घालून दारात येऊन बसल्या आणि मला हॉस्पिटलात घेऊनच गेल्या. माझ्या तपासणीत काही निघालं नाही. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यालो आणि रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो.