औषधाची ऊब

स्कॅनच्या खोलीतल्या या तंत्रज्ञाच्या जिभेला हाड नाही, असं सगळेच म्हणत. यकृताच्या स्कॅनला वकील येवो की भाजीवाली, टेबलावर झोपवता झोपवताच तो सांगून टाकायचा, "औषध गेलं की अंग गरम होईल. कपड्यांत शू झाली असं वाटेल. झालेली नसते. दचकायचं नाही, हलायचं नाही." माणसं हसायची, आणि हसलेलं माणूस निवांत पडून राहतं.

कारण सगळा खेळ वेळेचा. नसेत टोचलेलं औषध आधी धमनीतून यकृतात शिरतं. वाईट गाठ असली तर ती तेवढ्यापुरती पडद्यावर उजळते. जरा उशीर झाला की सगळं यकृतच उजळतं आणि गाठ त्यात हरवून जाते. अंगात ऊबही नेमकी त्याच सुमाराला पसरते.

त्या दिवशी टेबलावर त्याच्या सासूबाई होत्या. सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला होता. तो साधा की वाईट, ते आज कळायचं होतं. जावयासमोर कधी पाय पसरून न बसलेली बाई. तिला शूचं कोणत्या तोंडाने सांगायचं? "थोडं गरम वाटेल हं," एवढंच पुटपुटून स्वारी काचेमागे पळाली.

औषध गेलं. यंत्राने श्वास रोखायला सांगितलं, आणि त्याच घडीला सासूबाईंनी अंग चोरून गुडघे जवळ घेतले. पडद्यावर यकृताच्या जागी नुसता फराटा उमटला.

"पेशंट हलल्या का?" काचेमागे शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"हो, हलल्या," तो म्हणाला, आणि स्वतःचीच त्याला शिसारी आली.

सासूबाईंची मूत्रपिंडं नाजूक, म्हणून लगेच पुन्हा औषध देता येईना. स्कॅन पुढच्या आठवड्यावर गेला.

तो आत गेला तर सासूबाई चादर गळ्यापर्यंत ओढून पडलेल्या. उठायला तयार नाहीत.

"तुम्ही बाहेर जा हो. एखाद्या बाईला पाठवा. आणि लेकीला काही सांगू नका माझ्या."

त्याला सगळं कळलं. मान खाली घालून तो म्हणाला, "आई, काही झालेलं नाही. औषधाने तसं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं."

चादरीखाली त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. कोरडं होतं. त्यांनी चादर बाजूला सारली.

"सगळ्यांना सांगता हे?"

"सांगतो."

"मग मला?"

"लाज वाटली."

"लाज तुम्हाला वाटली, आणि आठवडाभर जीव टांगणीला माझा." आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसवेना. "डॉक्टरांना मात्र सांगितलंत, मी हलले म्हणून. तुमचा माइक चालूच होता, ऐकू आलं मला."

उठायला मदत म्हणून त्याने हात पुढे केला. त्यांनी टेबलाची कड धरली.

"पुढच्या वेळी मला परकी समजा," त्या म्हणाल्या.